सोमवारी कामावर जाणारे देव : सत्तरच्या दशकातला वेल्सचा रग्बी संघ

निळी छत्री (धागालेखिका)

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज निवांत वेळ मिळालाय. मी वेल्समध्ये राहते, लानेल्ली नावाच्या गावात. नाव लिहायला सोपं आहे, म्हणायला नाही. 'ल' म्हणताना जीभ टेकते तिथे टेकवायची आणि गालांच्या बाजूने नुसती हवा सोडायची. एकदा हे जमलं की इथली जुनी माणसं तुम्हाला घरचं मानतात.

शेजारी एक आजोबा आहेत. वय ८० च्या पुढे. उभा जन्म पत्र्याच्या कारखान्यात गेला. कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा ही या गावाची एके काळची ओळख, त्यामुळे इथल्या जुन्या स्ट्रेडी पार्क मैदानावर गोलखांबांच्या टोकांना पातेली लावलेली असायची. खरीखुरी, दांड्याची पातेली. गावाचं लाडकं लोकगीतही एका छोट्या पातेल्यावर आहे आणि ते हजारो माणसं एका सुरात म्हणायला लागली की समोरच्या संघाला घाम फुटायचा. पातेल्याचं गाणं म्हणून पाहुण्यांना घाबरवणारं दुसरं गाव माझ्या तरी पाहण्यात नाही.

आजोबांच्या बैठकीच्या खोलीत, आपल्याकडे देव्हारा असतो तशा कोपऱ्यात, एक फोटो आहे. लाल जर्सी, चिखलाने माखलेल्या चड्ड्या, लांब केस आणि लांब कल्ले. १९७० च्या दशकातला वेल्सचा संघ. त्या संघाने १९७१, १९७६ आणि १९७८ अशी तीन ग्रँड स्लॅम मारली, म्हणजे एकाच हंगामात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि फ्रान्स या चौघांनाही लोळवलं. सगळ्या देशाची लोकसंख्या तेव्हा सत्तावीस लाखांच्या आसपास. आणि मुख्य गोष्ट अशी की या खेळाचे पैसे कुणालाच मिळत नव्हते. रग्बी युनियनमध्ये खेळाडूला पैसे द्यायची परवानगी मिळाली थेट १९९५ मध्ये. शनिवारी पन्नास हजार लोकांसमोर खेळायचं, रविवारी अंग शेकायचं आणि सोमवारी पोलादाच्या कारखान्यात, शाळेत, बँकेत किंवा इस्पितळात हजर व्हायचं.

म्हणूनच या लोकांचे किस्से इतके गोड आहेत. इथे त्यांच्याबद्दल बोलताना कुणी आकडे सांगत नाही, किस्सेच सांगतात, तेही काल घडल्यासारखे.

सुरुवात जेपीआरपासूनच करायला हवी. जॉन पीटर राइस विल्यम्स, फुलबॅक. फुलबॅक म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा माणूस. तो चुकला की मागे फक्त गोलरेषा. गुडघ्यापर्यंत उतरलेले मोजे, गालभर कल्ले आणि डोळ्यांत 'ये तर खरा' असा भाव. आधी टेनिस खेळायचा, १९६६ मध्ये विम्बल्डनला ब्रिटिश ज्युनियर विजेतेपद मिळवलं होतं. तो मुलायम खेळ सोडून या धुमश्चक्रीत आला आणि शिकून झाला काय, तर हाडांचा सर्जन! अर्धं आयुष्य मैदानात हाडं मोडली आणि उरलेलं अर्धं ती जोडण्यात घालवलं, असं तो स्वतःच म्हणायचा.

१९७८ च्या डिसेंबरात ब्रिजेंड या आपल्या क्लबकडून तो न्यूझीलंडविरुद्ध खेळत होता. खाली पडलेला असताना तोंडावर बुटाचे खिळे बसले, गाल आरपार फाटला. वडील डॉक्टर, ते तिथेच होते. त्यांनी त्याला आत नेलं आणि तीसेक टाके घातले. आता घरी जाऊन पेज प्यावी की नाही? हा गडी टाके घालून परत मैदानात. आपला बाप आपल्याला शिवतोय आणि आपण 'लवकर आटपा बाबा, खेळ चालू आहे' म्हणतोय, हे चित्र मला फार आवडतं. त्या वडिलांच्या मनात काय चाललं असेल, हाही विचार येतोच.

इंग्लंडविरुद्ध जेपीआर वेल्सकडून एकदाही हरला नाही. हे वाक्य आजोबा दर भेटीत एकदा म्हणतात आणि मी दर वेळी नव्याने ऐकते.

विल्यम्स हे आडनाव वेल्समध्ये आपल्याकडच्या पाटलांइतकं. १९७३ मध्ये संघात दुसरे जॉन विल्यम्स आले, विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारे, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पळालेले. मग वर्गात दोन संदीप असले की एक मोठा संदीप आणि एक बारका संदीप होतो, तसे हे जेपीआर आणि जेजे झाले. सगळं जग अजून त्यांना तसंच ओळखतं.

आता जोडगोळी. स्क्रम-हाफ गॅरेथ एडवर्ड्स आणि फ्लाय-हाफ बॅरी जॉन. स्क्रम-हाफ चेंडू बाहेर काढतो आणि फ्लाय-हाफकडे फेकतो, तिथून पुढे सगळं नाटक सुरू होतं. दोघेही कोळशाच्या खाणींच्या गावांतले, खाणकामगारांची पोरं. पहिल्यांदा एकत्र सराव करायचा ठरला तेव्हा गॅरेथ बॅरीच्या कॉलेजवर गेला. पाऊस, चिखल, आणि बॅरी आदल्या रात्रीच्या जागरणाचे डोळे घेऊन साध्या कॅनव्हासच्या बुटांत आलेला. पाय घसरतायत. गॅरेथ मात्र मन लावून विचारतोय, पास असा देऊ का तसा देऊ, किती लांबून देऊ. थोड्या वेळाने बॅरी म्हणाला, "हे बघ गॅरेथ, तू फेक, मी झेलतो. आता घरी जाऊ या."

मंडळी, एवढ्या एका वाक्यावर ती जोडी उभी राहिली. आणि त्याने खरंच झेलले. सगळे.

१९७१ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्रित लायन्स संघाने न्यूझीलंडमध्ये जाऊन कसोटी मालिका जिंकली, दोन विजय, एक पराभव, एक बरोबरी. कसोट्यांतल्या ४८ गुणांपैकी ३० एकट्या बॅरीचे. तिकडच्या लोकांनीच त्याला 'किंग' म्हणायला सुरुवात केली. राजा! खाणकामगाराचा मुलगा, बँकेत नोकरीला. मग १९७२ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी, त्याने खेळ सोडला. कारण ऐकाल तर चकित व्हाल. उत्तर वेल्समधल्या रिल गावी बँकेच्या कार्यक्रमाला गेला असताना एका तरुणीने त्याच्यापुढे गुडघे वाकवून, राणीपुढे करतात तसा मुजरा केला. तिथेच याला वाटलं, हे काही खरं नव्हे, आपण माणसांतून उठत चाललो. आणि थांबला.

हा किस्सा इथे हसत हसत सांगतात, पण सांगून झाल्यावर दोन क्षण कुणी काही बोलत नाही.

बाकीचे पुढच्या प्रतिसादांत. तुमच्याकडे काही असेल तर भर घाला.

---

तालमीतला

ताई, नाद खुळा लिवलंय! जेपीआर आमच्या तालमीत शोभला असता. कोल्हापुरात कान मोडलेला पैलवान आणि नाक मोडलेला वस्ताद, दोघांनाही मान असतोय. एक विचारायचं होतं, ती सगळी जण डोकी एकमेकांत घालून वाकून उभी राहत्यात, ते काय असतंय? साखळी करून पकड घालायची कबड्डी वाटती लांबनं बघितलं की.

---

निळी छत्री

@तालमीतला, अगदी योग्य माणसाने योग्य प्रश्न विचारलात. त्याला स्क्रम म्हणतात. दोन्हीकडून आठ-आठ जण एकमेकांच्या खांद्यांत हात गुंतवून वाकतात, पुढचे तिघे समोरच्या तिघांच्या मानेत मान घालतात, मधल्या बोळात चेंडू टाकतात आणि मग नुसती रेटारेटी. पुढच्या तिघांत कडेचे दोन प्रॉप, म्हणजे टेकू. मधला हुकर. त्याचे दोन्ही हात प्रॉपच्या खांद्यांवर अडकलेले, आणि तशा अवस्थेत त्याने पायाने चेंडू मागे ओढायचा. कुस्ती, रस्सीखेच आणि गर्दीच्या लोकलमध्ये शिरणं, या तिन्हींची बेरीज करा.

आणि पहिली फळी म्हटलं की पॉन्टीपूल. चार्ली फॉकनर, बॉबी विंडसर, ग्रॅहम प्राइस. तिघे एकाच क्लबचे, तिघे एकत्र वेल्सकडून खेळले. त्यांचा वस्ताद होता रे प्रॉसर, बुलडोझर चालवणारा माणूस. सराव काय, तर पॉन्टीपूल पार्कातली ग्रोटोची चढण पळत चढायची. पावसात, थंडीत, परत परत. संघ इतका चिवट की ग्वेंट परगण्यातल्या या सेनेला लोक 'व्हिएत ग्वेंट' म्हणायला लागले. तेव्हा व्हिएतनामचं युद्ध रोजच्या बातम्यांत होतं.

चार्ली पोलाद कारखान्यातला. त्याचं वय हे गावचं मोठं रहस्य. निवडसमितीने म्हातारा म्हणून बाद करू नये म्हणून पठ्ठ्या वय सांगतच नसे, आणि सांगितलं तर कमी सांगे. वेल्सकडून पहिला सामना खेळला तेव्हा तेहतिशीत होता. त्या वयात लोक बूट खुंटीला टांगतात, याने चढवले.

बॉबी विंडसर हुकर, तोही पोलाद कारखान्यातला. १९७४ च्या लायन्स दौऱ्यावर निघाला तेव्हाचा किस्सा सांगतात. मोठं हॉटेल, वेटर अदबीने विचारतो, "साहेब, ऑम्लेट कसलं आणू?" बॉबी त्याच्याकडे बघतच राहिला. "कसलं म्हणजे? अंड्याचं!"

त्याच प्रवासात विमानात त्याला अन्न बाधलं. अंगात ताप भडकला म्हणून बर्फाचे खडे चघळत बसला होता. तेवढ्यात डॉक्टर आले, तोंडात थर्मामीटर घातला, पारा बघितला आणि म्हणाले, या हिशेबाने हा माणूस मरून गेलाय. पुढे याच 'मेलेल्या' माणसाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चारही कसोट्या खेळल्या आणि त्यातली एकही लायन्सने हरली नाही.

आणि ग्रॅहम प्राइस. जानेवारी १९७५, पॅरिस, त्याचा पहिला सामना. शेवटची मिनिटं, चेंडू सैल सुटला आणि प्रॉपने, म्हणजे ज्याचं काम रेटायचं आहे त्या माणसाने, पळायला सुरुवात केली. सत्तर यार्ड! मध्ये चेंडू हातातून गेला, दुसऱ्याने पुढे मारला, परत उसळून याच्याच हातात आला आणि याने गोलरेषेपलीकडे टेकवला. समालोचक ओरडला, पॉन्टीपूलमध्ये कुणाचा यावर विश्वास बसायचा नाही. गावातल्या लोकांनी ते दृश्य डोळ्यांनी बघितलं आणि तरी त्यांचा बसला नाही, असं आजोबा म्हणतात. ते स्वतः लानेल्लीचे, त्यामुळे पॉन्टीपूलचं कौतुक थोडं हात आखडूनच करतात.

---

कुलाबा कॉजवे

सुंदर धागा! वाचनखूण साठवली.

मुंबईकरांसाठी सांगतो, रग्बी बघायची असेल तर पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या बाजूने चालत जा. जिथे डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली क्रिकेट कसोटी झाली, लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या, त्याच मैदानावर पावसाळ्यात रग्बी चालते. मी कॉलेजात असताना महात्मा गांधी रोडच्या फुटपाथवर छत्री धरून तासन् तास बघत उभा राहायचो. आवाज आठवतो. चिखलात अंग आपटल्याचा एक 'थप्प' असा ओला आवाज येतो. कुठल्याही दूरचित्रवाणीवर तो ऐकू येत नाही.

अवांतर, पण राहवत नाही : इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा कलकत्ता कप आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेत शिल्लक असलेले २७० रुपये काढून वितळवले आणि चषक बनवला. हँडलला नाग, झाकणावर हत्ती. १८७८ पासून तो त्यांच्याकडे आहे.

---

टाफ नदीकाठी

कार्डिफहून हजेरी. छत्रीताई, तुम्ही लानेल्लीच्या म्हणून माझ्या कार्डिफच्या जेराल्ड डेव्हिसला विसरलात, चालायचं नाही!

१९७८ मधली कप स्पर्धेची मॅच, पॉन्टीपूलच्या मैदानावर कार्डिफ खेळत होतं. पॉन्टीपूलच्या गड्यांनी कार्डिफला पार चेपून टाकलं होतं, चेंडू मिळूच देत नव्हते. विंगवर उभ्या जेराल्डच्या हातात अख्ख्या सामन्यात चेंडू आला चार वेळा. चार ट्राय, म्हणजे चारही वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला. एवढंच. बाकी वेळ तो शांत उभा होता. आमच्या ऑफिसात एक पॉन्टीपूलकर आहे, त्याच्यापुढे चार बोटं नुसती वर केली तरी तो खोलीतून उठून जातो.

जेराल्डचं पळणं बघा कधीतरी. कबड्डीचा चांगला चढाईपटू अंग एकीकडे टाकतो आणि पाय दुसरीकडे नेतो, ते तो पूर्ण वेगात करायचा. वेग कमी न करता! समोरचा बचावपटू जिथे झेप घेई, तिथे फक्त वारा असे.

आणि गॅरेथचं सांगायचं राहिलं. १९६७ ते १९७८, वेल्सकडून ५३ सामने, सलग. अकरा वर्षांत एकदाही वगळला नाही, एकदाही दुखापतीने बसला नाही. विसाव्या वर्षी कर्णधार. १९७२ मध्ये कार्डिफला स्कॉटलंडविरुद्ध त्याने एक ट्राय केला. स्वतःच्या अर्ध्यातून निघाला, एकाला हाताने ढकललं, पुढच्याच्या डोक्यावरून चेंडू मारला, मग जमिनीवरून पायाने पुढे नेत नेत थेट कोपऱ्यापर्यंत आणि तिथे घसरत त्यावर झेप. गोलरेषेमागे तेव्हा कुत्र्यांच्या शर्यतीचा ट्रॅक होता, लाल मातीचा. उठला तेव्हा सगळं तोंड लाल. @तालमीतला, तुमच्या मातीतून उठलेला पैलवान जसा दिसतो तस्सा! डोळ्यांची दोन भोकं तेवढी पांढरी. शांतपणे परत चालत आला.

आता त्याचा पुतळा शहराच्या मधोमध, सेंट डेव्हिड्स सेंटरच्या खरेदी-बाजारात आहे. ब्राँझचा, चेंडू पास करताना. मी पहिल्यांदा वेल्समध्ये आलो तेव्हा आईवडिलांना शहर दाखवत होतो. बाबा पुतळ्यापुढे थांबले आणि म्हणाले, "हा कोण? कुठल्या लढाईत होता?" मी म्हटलं, बऱ्याच.

जाता जाता, हा माणूस मासेमारीतही सोडणारा नव्हे. १९९० मध्ये ल्हानडेगवेथ तलावात त्याने ४५ पौंड ६ औंसाचा पाइक मासा पकडला, म्हणजे वीस किलोंच्या वर, तेव्हाचा ब्रिटनचा विक्रम. माशालाही साइडस्टेप दिला असणार.

---

दक्षिणवारा

धागा छान आहे, मनापासून. पण एक बाजू राहते आहे. मी ऑकलंडला असतो. त्या थोर संघाने न्यूझीलंडला एकदाही हरवलं नाही. वेल्सने ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाला, शेवटचं हरवलं ते १९५३ मध्ये. सत्तरच्या दशकातही जमलं नाही. सगळ्यात थोर संघ म्हणताना हे लिहायलाच हवं.

---

टाफ नदीकाठी

@दक्षिणवारा, १९७८. लाइनआउट. एवढंच म्हणतो.

---

दक्षिणवारा

हाहा, मला वाटलंच हे निघणार. इतरांना कळावं म्हणून सांगतो. नोव्हेंबर १९७८, कार्डिफ, वेल्स १२-१० असं पुढे, शेवटची दोन-तीन मिनिटं. लाइनआउट म्हणजे बाहेर गेलेला चेंडू आत फेकतात तेव्हा दोन्ही संघ रांगा करून त्यासाठी उड्या मारतात ते. त्यात आमचा अँडी हेडन रांगेतून असा काही बाहेर उडून पडला की जणू बैलाने शिंगावर घेतलाय. धक्का कुणीच दिला नव्हता. ते आधीच ठरवून केलं होतं, हे त्याने नंतर उघड मान्य केलं. रेफरीने पेनल्टी दिली. रेफरी मात्र आयुष्यभर सांगत राहिला की पेनल्टी हेडनसाठी नव्हतीच, दुसऱ्या एका खेळाडूला खांद्यावर रेटल्याबद्दल होती. पेनल्टी मारली ब्रायन मॅकेक्नीने आणि आम्ही १३-१२ ने जिंकलो.

आता क्रिकेटवाल्यांसाठी. हा मॅकेक्नी म्हणजे तोच, ज्याला १९८१ मध्ये मेलबर्नला ट्रेव्हर चॅपेलने शेवटचा चेंडू सरपटी टाकला! जिंकण्यासाठी नाही, बरोबरीसाठी सहा हव्या होत्या. चेंडू अडवून त्याने बॅट फेकून दिली होती. एकाच माणसाच्या आयुष्यात अशा दोन भानगडी, आणि दोन्हींत त्याची स्वतःची काडीची चूक नाही.

---

निळी छत्री

@दक्षिणवारा, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि लिहिलंत ते बरं केलंत. वेल्सला ते जमलं नाही. पण लानेल्लीला जमलं!

३१ ऑक्टोबर १९७२. स्ट्रेडी पार्क. लानेल्ली ९, न्यूझीलंड ३. एका गावाच्या क्लबने ऑल ब्लॅक्सना हरवलं. प्रशिक्षक कार्विन जेम्स, १९७१ च्या लायन्सचे तेच. साहित्य शिकवणारा, मृदू बोलणारा माणूस.

हा सामना मला आजोबांनी चहाच्या टेबलावर दाखवला. साखरेचं भांडं म्हणजे गोलखांब. आले-बिस्किट म्हणजे चेंडू. दुधाचा जग म्हणजे फिल बेनेट. बेनेटने लांबून पेनल्टी मारली, बिस्किट साखरेच्या भांड्यावर आपटलं आणि परत मैदानात पडलं. न्यूझीलंडच्या लिंडसे कॉलिंगने (मीठदाणी) ते उचललं आणि लाथ मारून बाहेर घालवायला गेला. तेवढ्यात आमचा रॉय बर्जियर्स, म्हणजे आजोबांची मूठ, धावत आली, लाथ अडवली, बिस्किटावर पडली. ट्राय! बिस्किटाचा चुरा झाला. दर वेळी होतो. आजी डबा घेऊन तयारच असतात, कारण सामना संपेपर्यंत चार बिस्किटं लागतात.

त्या रात्री गावातल्या पबमधली बिअर संपली. संपली म्हणजे खरंच संपली.

फिल बेनेटबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय पुढे जाणं पाप आहे. लानेल्लीला लागूनच असलेल्या फेलिनफोएलचा. जन्मभर तिथेच राहिला. पोलाद कारखान्यात काम केलेला, चणीने बारका. २७ जानेवारी १९७३ ला कार्डिफला बार्बेरियन्स (निमंत्रित खेळाडूंचा संघ) वि. न्यूझीलंड सामन्यात याने स्वतःच्या गोलखांबांजवळ, पाठीवर ऑल ब्लॅक्स येत असताना, चेंडू उचलला आणि एकापाठोपाठ एक हुलकावण्या देत तिघा-चौघांना गवतात बसवलं. दुसरा कुणी असता तर मुकाट्याने लाथ मारून बाहेर घालवता. तिथून हाताहातांतून चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि शेवटी एडवर्ड्सने कोपऱ्यात टेकवला. जगात रग्बीचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला ट्राय तोच असेल. सुरुवात आमच्या फिलची होती. २०२२ मध्ये तो गेला, तेव्हा आजोबा दोन दिवस बागेत आले नाहीत.

---

कृष्णाकाठ

मी रग्बीतलं ओ की ठो कळत नसताना पूर्ण वाचलं. डोक्याला पांढरी पट्टी बांधलेला एक उंच माणूस जुन्या फोटोंत दिसतो, तो कोण?

---

टाफ नदीकाठी

@कृष्णाकाठ, मर्विन डेव्हिस! 'मर्व्ह द स्वर्व्ह.' ती पट्टी स्क्रममध्ये कान सोलून निघू नयेत म्हणून. मैदानाच्या कुठल्याही टोकाहून तो कुठे आहे हे कळायचं. पेशाने शाळामास्तर. १९७६ चं ग्रँड स्लॅम त्याच्या कप्तानीत जिंकलं आणि काही आठवड्यांतच, २८ मार्चला, पॉन्टीपूलविरुद्धच्या कप सेमीफायनलमध्ये स्वान्सीकडून खेळताना मेंदूत रक्तस्राव होऊन मैदानावर कोसळला. वाचला, पण खेळ कायमचा सुटला. सलग ३८ सामने खेळलेला माणूस तिशीच्या आत थांबला. २०१२ पर्यंत होता.

यावर हसण्यासारखं काही नाही. पण यादीत तो नसता तर यादी खोटी ठरली असती.

---

सोलापुरी चादर

मस्त चाललंय. १९७१ च्या ग्रँड स्लॅममध्ये कुणा दाढीवाल्याने डाव्या पायाने शेवटची किक मारली म्हणतात, तेही येऊ द्या.

---

निळी छत्री

@सोलापुरी चादर, जॉन टेलर. स्कॉटलंडचं मरेफील्ड मैदान, स्कॉटलंड १८-१४ ने पुढे. जेराल्डने शेवटच्या मिनिटांत उजव्या कोपऱ्यात ट्राय केला. तेव्हा ट्रायचे तीनच गुण, म्हणजे १८-१७. आता कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतर मिळणारी जादा दोन गुणांची लाथ, तेही थेट कडेच्या रेषेवरून. टेलर डाव्या पायाचा, म्हणून त्याला बोलावलं. त्याने मारली, गेली, १९-१८. वेल्समध्ये लोक चर्चला नेमाने जाणारे. त्यांनी लगेच ठरवलं की संत पॉलच्या धर्मांतरानंतरचं हे सगळ्यात मोठं कन्व्हर्जन.

आणि या टेलरबद्दल मला विशेष आदर आहे. १९६८ मध्ये लायन्सबरोबर दक्षिण आफ्रिकेत जाऊन आल्यावर, तिथला वर्णभेद बघून, तो पुन्हा कधी त्यांच्या संघाशी खेळला नाही. १९७० मध्ये ते वेल्समध्ये आले तेव्हाही नाही, १९७४ चा दौराही नाही. सगळे जात असताना नाही म्हणणं सोपं नसतं.

आता माझा सगळ्यात लाडका. रे ग्रेव्हल. 'ग्रॅव्ह.' ऑल ब्लॅक्सना हरवलं त्या दिवशी २१ वर्षांचा होता. दाढीवाला, धिप्पाड, धडक देणारा सेंटर, आणि मनाने लहान मूल. सामन्याआधी पोटात इतका गोळा यायचा की संडासात बसून मोठमोठ्याने वेल्श गाणी म्हणायचा. बाहेर बाकीचे चौदा जण बूट बांधत ऐकतायत. गाणं थांबलं की कळायचं, आता तयार झाला. पहिला टॅकल लवकर घालावा, उशीर झाला असला तरी, हे त्याचं सूत्र इथे पोराटोरांना पाठ आहे. भेटणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, मी बरा खेळलो ना? खरंच ना?

२००७ मध्ये मधुमेहामुळे पाय गेला. तरी हसत होता. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला गेला. हो, तीच तारीख. ३५ वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी. अंत्यविधी स्ट्रेडी पार्कवर, सुमारे दहा हजार माणसं. आजोबा म्हणतात, त्या दिवशी पातेल्याचं गाणं नेहमीपेक्षा हळू म्हटलं गेलं.

---

तालमीतला

ताई, डोळ्यांत पाणी आणलंत. आधी हसवलंत आणि मग हे.

---

निळी छत्री

मंडळी, आज संध्याकाळी हा सगळा धागा आजोबांना इंग्रजीत उलगडून वाचून दाखवला. प्रतिसादांसकट. मॅकेक्नीचं नाव आल्यावर चहाचा कप खाली ठेवला. चार बोटांवर मनसोक्त हसले. कलकत्ता कप रुपयांचा आहे हे त्यांना माहीत होतं. नाग-हत्तीही माहीत होते. कार्डिफवाल्यांनी माशाबद्दल जे लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, म्हणाले.

संपल्यावर बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, दमले. मग म्हणाले, "डेल्मे कुठाय?"

राहिलाच होता. डेल्मे थॉमस, १९७२ च्या त्या दिवसाचा कर्णधार. वीज मंडळात लाइनमन. रोज खांबांवर चढायचं काम, आणि शनिवारी लाइनआउटमध्ये उडी मारून चेंडू झेलायचं. तेव्हा उडी मारणाऱ्याला खालून उचलून धरायला परवानगी नव्हती, दहीहंडीसारखं दुसऱ्याच्या खांद्यावर चढणं नाही. जे काय ते स्वतःच्या पिंढऱ्यांवर. मितभाषी माणूस. सामन्याआधी मुलांपुढे उभा राहिला आणि म्हणाला की मी लायन्सकडून जग फिरलो, वेल्सकडून खेळलो, पण आज जिंकणार असू तर ते सगळं परत द्यायची माझी तयारी आहे. खोलीत सगळे रडत होते म्हणतात.

आजोबांनी साखरेचा चमचा उचलला आणि साखरेच्या भांड्यात उभा रोवला. "हा डेल्मे," म्हणाले. मग पहिल्यापासून परत सुरुवात केली. आजींनी नवा पुडा फोडला.

---

तालमीतला

लाइनमन लाइनआउटमध्ये! आजोबांना कोल्हापूरचा नमस्कार सांगा.

---

निळी छत्री

सांगितला. विचारतायत, तुमच्याकडे पाऊस किती पडतो आणि त्या लाल मातीत स्क्रम उभा राहील का.